किती सेल्फ?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेचारला आमची पिकअप चालू झाली नाही.

हौद्यात माटोळीचं सामान रात्रीच भरून ठेवलेलं होतं. नारळाच्या पेंडी, सुपारीचे कातरे, आंबाडे, चिबूड, तोरिंगं, आणि दोन दिवस रान तुडवून आणलेली कांगणां, घागऱ्यो, करमलं. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला ही फळं, भाज्या आणि रानातला मेवा बांधतात, ती माटोळी. एकदा गणपती बसला की कांगणांना कोणी हात लावत नाही. विकायचं ते त्याच दिवशी. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरून वाळपई, साखळी, डिचोली, अस्नोडा करत म्हापशाला जायचं आणि उजाडायच्या आत बाजारात जागा धरायची, असा दरवर्षीचा बेत.

चावी फिरवली. सेल्फ, म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर, चांगला जोमात फिरला, पण इंजिनाने धरलं नाही. थांबलो, पुन्हा मारला. तेच. तिसऱ्या वेळी ओसरीवरून आईचा आवाज आला, ‘‘आता मारू नको. तोंड वर आहे तिचं.’’

मला ते ऐकू आलं आणि मी ते सोडून दिलं. चढावर उभी आहे हे मलाही दिसत होतं. रात्री माल भरायला सोपं जावं म्हणून मीच तिला अंगणाच्या चढावर, घराकडे तोंड करून लावली होती. त्याचा चालू न होण्याशी काय संबंध, असं मनात आलं आणि मी मेस्तांना फोन लावला.

मेस्त म्हणजे आमच्याकडे कसबी माणूस. सुतार मेस्त, गवंडी मेस्त, गाड्यांचा मेस्त. पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आलेला हा शब्द आता पुरता आमचा झाला आहे. आमचे मेस्त होंडा गावाच्या पुढे रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. वय सत्तरीला टेकलेलं. पहाटे पावणेपाचला त्यांनी पहिल्या घंटेला फोन उचलला आणि ‘हॅलो’ म्हणण्याआधी विचारलं, ‘‘सेल्फ कसा फिरतो?’’

घरात आम्ही कोकणी बोलतो आणि लिहितो-वाचतो मराठीत. म्हणून इथलं सगळं बोलणं मराठीत मांडतो आहे. मेस्तांचं एखादं वाक्य तेवढं तसंच ठेवणार आहे.

त्यांचा प्रश्न समजायला डिझेल इंजिनाचं मर्म कळावं लागतं. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. चौथीच्या मुलांच्या हाती सायकलचा पंप देतो आणि सांगतो, भोकावर अंगठा दाबून दहा-पंधरा वेळा दांडा मारा, मग नळीच्या बुडाला हात लावून बघा. मुलं हात झटकन मागे घेतात. हवा चेपली की तापते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नाहीच. सिलिंडरमधली हवा अठराव्या-विसाव्या हिश्श्यात चेपली जाते, ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं. डिझेल दोनशेच्या थोडं वरच आपलं आपण पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला १८९३ मध्ये याचं पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. तेव्हापासून पंप बदलले, दाब वाढले, वर संगणक बसले, पण चेपलेली हवा आणि तिच्यात शिरणारं डिझेल हे मूळ तेच राहिलं आहे.

त्यामुळे डिझेल गाडी चालू होत नसली की पहिला प्रश्न तिच्या फिरण्याचा. ती हळू फिरली तर हवा चेपायला वेळ लागतो, तेवढ्यात ऊब सिलिंडरच्या भिंतींत जाते, काही हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटते आणि पेटण्याइतकी उष्णता उरतच नाही. मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी हवेत. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना तो आकडा खाली येणारच, पण १० च्या फार खाली कोसळला तर बॅटरी संशयात. आणि बॅटरी धडधाकट असूनही सेल्फ रडत फिरत असेल तर अर्थिंग बघायचं. मेस्त मालिम जेटीवरच्या मासळीच्या गाड्यांचं उदाहरण देतात. खाऱ्या पाण्याने इंजिन आणि चासिस यांना जोडणारी अर्थची पट्टी आतून सडते, वरून ठीक दिसते. अशा वेळी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या वजावर, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर विजेची परतीची वाट खराब आहे. कित्येक चांगल्या बॅटऱ्या या पट्टीपायी भंगारात गेल्या, असं ते सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख असतं.

‘‘जोरात फिरतो,’’ मी म्हणालो.

‘‘सायलेन्सरमधून धूर?’’

हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते अख्ख्या तपासातला सगळ्यात हुशार प्रश्न. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. मग दाब, उष्णता, फवाऱ्याची वेळ यांच्याकडे वळायचं. ज्या गाड्यांना सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग असतात त्यांचे प्लग तपासायचे. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही. एका नजरेत निम्मं इंजिन संशयातून मोकळं होतं. भाच्याला टॉर्च देऊन मागे उभं केलं. मी सेल्फ मारला, मोजून दहा सेकंद. त्याहून जास्त एका दमात मारायचा नाही, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फची वायंडिंग तापते, ही मेस्तांची जुनी शिस्त. भाचा ओरडला, ‘‘काहीच नाही, मामा. कोरडं.’’

शेजारचे काका तोवर छत्री घेऊन आले होते. त्यांनी एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचं सुचवलं. माया होती त्यात, पण फोनवरून ऐकताच मेस्त ताडकन म्हणाले, ‘‘नाका, नाका! असलं काही करू नका.’’ पेट्रोल किंवा स्प्रेतला ईथर त्या तापलेल्या हवेत वेळेआधी भडकतो, पिस्टन अजून वर येत असतानाच. रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. शिवाय माणसाचा हात आणि तोंड तिथंच असतं. साध्या नळीच्या दुखण्यापायी इंजिन उघडावं लागतं.

पुढचं सगळं त्यांनी फोनवरून करवून घेतलं. चावी ‘ऑन’वर आणून डिझेलच्या पंपाला कान लावायला सांगितलं. आमच्या गाडीला जुन्या घडणीचा पंप आहे. त्याच्यावरचा स्टॉप सोलेनॉइड वीज मिळाली की ‘टक्’ करतो आणि डिझेलची वाट उघडतो. तो ‘टक्’ आला नाही तर सगळं ठीक असूनही गाडी मुकी राहते. टक् आला. मग फिल्टरवरचं हाताने दाबून नळीत डिझेल भरायचं, प्राइमिंगचं बटण. ते दाबलं तर अंगठ्याला काही लागेचना. पोकळ. भरलेल्या नळीत ते बटण पाच-सात दाबांत कडक होतं, मग अंगठा दुखायला लागतो. इथे मी तीस वेळा दाबलं आणि ते तसंच मऊ.

‘‘पायपांत वारें भरलां,’’ मेस्त म्हणाले.

कोकणीत आणि मराठीतही वारं अंगात येतं. माणसाच्या अंगात आलेलं वारं देवळात सगळ्यांना दिसतं. गाडीच्या नळीत शिरलेलं मात्र दिसत नाही. द्रव चेपला जात नाही, हवा जाते. पंप दाबतो, मधला बुडबुडा आवळला जातो, पुन्हा फुगतो, आणि नोझलपर्यंत तो दाब पोचतच नाही. टाकी भरलेली असून इंजिन उपाशी.

दहा नंबरच्या पान्याने फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला, खाली फडकं धरलं आणि बटण दाबत राहिलो. टॉर्चच्या उजेडात त्या स्क्रूच्या कडेने आधी नुसतं फुसफुसलं. मग फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका. मग फेसात मधूनच पिवळट डिझेलची एक रेघ, पुन्हा फेस. भाचा फडकं पिळून परत धरत होता, पाऊस बॉनेटच्या कडेवरून माझ्या मानेवर पडत होता. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, आणि एका दाबाला फेस नसलेलं सलग डिझेल आलं, तेव्हा अंगठ्याखाली बटण दगडासारखं झालं होतं. स्क्रू आवळला. नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारला, तिथूनही पिचकारी येऊ लागल्यावर एकेक आवळला. मग शेवटचा सेल्फ. आधी दोन सिलिंडरांनी धरलं, गाडी लंगडत थरथरली, मागून पांढऱ्या धुराचा मोठा लोट निघाला, आणि मग चारही एका लयीत आले. सहा वाजून गेले होते. म्हापशाला जागा बाजाराच्या बाहेरच मिळाली, पण माल गेला. कांगणां तर नऊच्या आतच संपली.

इथे ही हकीकत संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. हवा काढली म्हणजे गाडी चालू झाली. हवा कुठून आली ते राहिलंच.

आणि ही काही पहिली खेप नव्हती. आषाढातही गाडीने असाच त्रास दिला होता. मेस्त तेव्हा आजारी होते, म्हणून गाडी शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेली होती, त्यांनी बॅटरी तपासली, कमी निघाली, नवीन घातली. ७,२०० रुपये. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले. २,८०० रुपये. मला त्या माणसांबद्दल राग नाही, त्यांनी मोजलेला आकडा खोटा नव्हता. पण बॅटरी उतरली म्हणून गाडी चालू होत नव्हती की गाडी चालू होत नव्हती म्हणून बॅटरी उतरत होती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. समोर दिसणारी खराब वस्तू हेच कारण, असं आपण किती चटकन धरून चालतो! ती वस्तू त्याच दुखण्याचा मार खाल्लेली असू शकते.

दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले आणि मी गाडी घेऊन मेस्तांकडे गेलो. आईला साखळीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून तीही केबिनमध्ये होती. मेस्तांनी बॉनेट उघडलंच नाही. मला विचारलं, ‘‘कधीपासून?’’

‘‘अचानक,’’ मी म्हणालो. ‘‘आषाढात एकदा, आता चतुर्थीला.’’

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग खिडकीपाशी जाऊन आईला विचारलं, ‘‘वयनी, सकाळचे किती सेल्फ लागतात?’’

आई सांगू लागली, आणि मी शेडच्या खांबाला टेकून ऐकत राहिलो. पाडव्यापर्यंत एक. मे महिन्यात दीड, म्हणजे पहिला सुटतो आणि दुसरा लगेच धरतो. मिरगानंतर दोन. आषाढात चार-पाच, तेव्हाच ती बॅटरी घातली. पण रोज नाही. तोंड खाली, फाटकाकडे असलं तर एकातच. तोंड वर, घराकडे असलं की त्रास. दुपारी बाहेरून आणून पुन्हा काढली तर कसंही उभी असो, एकातच. ‘‘आणि तोंड खाली असतं तेव्हा सकाळी अंगणात पाण्यावर रंग दिसतात, इंद्रधनुष्यासारखे, मागच्या चाकापाशी, रुपयाएवढे. टाकी भरून आणलेली असली तरच.’’

मेस्त काही बोलले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. एवढंच मला दिसलं.

आईला हे कसं माहीत? बाबांचा टिपर होता. दहा टनी, खाणीवर लावलेला. पिसुर्ल्याच्या बाजूने खनिज भरायचं आणि मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचं, तिथून बार्जने मुरगाव बंदरात. रांगेत पुढे नंबर लागला तर दिवसाच्या खेपा वाढत, म्हणून गावातले टिपर पहाटे चारच्या आधीच सुटायचे. आई अंथरुणावर पडून आवाज ऐकायची. इंजिनाने धरलं, गाडी फाटकाबाहेर गेली, गिअर बदलला, वळणापलीकडे आवाज बुडाला की मग उठायची. धरलं नाही तर आधीच उठून चहा ठेवायची, कारण बाबा परत आत येणार. दहा-अकरा वर्षं ती रोज पहाट अशी कानाने मोजत होती. गावात अशा कितीतरी बायका होत्या. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि पहाटेचे ते आवाज गेले. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर बंदी उठली खरी, पण २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. बाबांनी टिपर कवडीमोलाने विकला. २००७ ची ही पिकअप तेवढी राहिली, कुळागरातला, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतला, माल वाहायला. बाबा गेले. आईची मोजायची सवय राहिली, आणि मी तिला कधी विचारलं नाही.

मेस्तांचाही हात त्याच टिपरांवर बसलेला. त्या काळी डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवर धुळीत बुडालेली गॅरेजं ओळीने होती. रात्री दोनला पंप उतरवायचा आणि चारला गाडी द्यायची असं काम. खाणींनी आमच्या शेतांचं, झऱ्यांचं काय केलं ते मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं आहे आणि त्या दिवसांची मला ओढ नाही. पण त्या धुळीत माणसांच्या हाताला जे ज्ञान चढलं होतं ते मोलाचं होतं, आणि ते कोणी लिहून ठेवलं नाही याची मला फार खंत वाटते. टिपर गेले तशी गॅरेजं मिटली. कोणी आखातात गेला, कोणी हॉटेलांच्या गाड्या चालवू लागला. ओळीतली ही एक शेड उरली.

मग त्यांनी काम सुरू केलं. भिंतीवर खिळ्याला लटकवलेली हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी काढली, फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी सोडवून तिच्या जागी ही बसवली, आणि इंजिन चालू केलं. ‘‘मात्शें राव,’’ म्हणजे जरा थांब. ‘‘बघ.’’

मी वाकून पाहिलं. नळीतून चहाच्या फिक्या रंगाचं डिझेल वाहत होतं आणि त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जात होते. मध्येच दोन मिळून मोठा होई, नळीच्या वरच्या बाजूला चिकटून थांबे, मग ओढला जाई. चार महिने आम्हाला छळणारी गोष्ट अशी डोळ्यांसमोरून वाहत होती.

आता वाट अर्धी करायची. फिल्टरनंतर बुडबुडे आहेत. ते फिल्टरच्या आधीही आहेत का? नळी फिल्टरच्या मागे लावली. आहेत. म्हणजे फिल्टर, त्याचं वॉशर, प्राइमिंगचं बटण सगळं निर्दोष. मग गाडीखाली सरपटत जाऊन टाकीच्या तोंडापाशी लावली. तिथे डिझेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही. म्हणजे दोष या दोन जागांच्या मधल्या दीड मीटरात. दोनच चाचण्या, आणि एकही वस्तू बदललेली नाही. त्यांनी दोन बोटांनी ती रबरी नळी टोकापासून चाचपत नेली, जशी शेंग चाचपावी, आणि मागच्या बाजूच्या क्लिपपाशी थांबले. क्लिप सोडली. खाली रबर दगडासारखं कडक झालेलं, आणि नळी किंचित वाकवताच क्लिपच्या खुणेखाली केसाएवढी चीर उघडली. हात सोडला की मिटली.

आईने सांगितलेलं सगळं त्या चिरेत होतं. टाकीतून पंपापर्यंतची ही नळी शोषणीची. पंप डिझेल ओढतो, तेव्हा चिरेतून थेंब बाहेर पडत नाही, उलट हवाच आत जाते. म्हणून कुणालाही गळती दिसली नाही. रात्री गाडी तोंड वर करून उभी राहिली की टाकी मागे, खाली. चिरेतून हवा हळूहळू आत येते आणि नळीतलं डिझेल उतारावरून टाकीत परत जातं. सकाळी नळी रिकामी. दुपारी तासाभरात ते तितकं उतरत नाही, म्हणून एका सेल्फात चालू. तोंड खाली असलं की टाकी वर. डिझेल इंजिनाकडेच राहतं, आणि टाकी भरलेली असेल तर चिरेवर आतून भार पडतो, एखादा थेंब बाहेर झिरपतो. पावसाच्या पाण्यावर रुपयाएवढं इंद्रधनुष्य. चतुर्थीच्या पहाटे ओसरीवरून आलेल्या ‘तोंड वर आहे तिचं’ या चार शब्दांत अख्खं निदान होतं.

नवी नळी सव्वा मीटर, दोन क्लिपा, १४० रुपये. मजुरीचे त्यांनी ३०० घेतले. जाता जाता फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाकावर ठेवलं. पाच मिनिटांनी तळाशी पाण्याचे चार-पाच थेंब जमले, वेगळे, गोल, डिझेलपेक्षा जड. ‘‘पावसाळ्यात महिन्याला एकदा काढ,’’ एवढंच म्हणाले.

शेडमध्ये त्यांचा पुतण्याही असतो. नव्या कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या गाड्या तो बघतो, त्याच्याकडे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर आहे. मेस्तांना स्कॅनरचा आदर आहे हे मला विशेष वाटतं. त्या गाड्यांत रेलमध्ये साधारण दोनशे बारचा दाब झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही, आणि चालताना तो दाब हजाराच्या कितीतरी वर जातो. म्हणून आम्ही केलं तसे नोझलचे नट सैल करणं तिथे साफ वर्ज्य. ती धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवायची पाळी येते. स्कॅनर सांगतो की दाब कमी आहे. तो का कमी आहे, नोझल परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडतंय, पंप थकलाय की मागे कुठे हवा येते आहे, हे पुतण्याला बाटल्या लावून, नळ्या लावून शोधावंच लागतं. मी बघत होतो तेव्हा त्याने एका गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारला, ‘‘सकाळी की दुपारी?’’ मेस्त पाठमोरे होते. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

त्या संध्याकाळी मी गाडी मुद्दाम चढावर लावली, घराकडे तोंड करून. रात्रभर पाऊस. पहाटे साडेचारला उठलो, कुठे जायचं नव्हतं तरी. आई आधीच उठलेली, चुलीपाशी. चावी फिरवली. मग दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी मेस्तांना फोन केला. सांगितलं, लगेच चालू होते, पहिल्याच सेल्फात.

‘‘वयनी किती म्हणते?’’ त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि फोन आईच्या हातात दिला.